सीमापार डिजिटल सार्वजनिक सेवांची रचना आणि नागरिक सहभाग (डहाणू व तलासरी)

सीमापार डिजिटल सार्वजनिक सेवा म्हणजे एका प्रशासकीय हद्दीत नोंदलेल्या नागरिकाला दुसऱ्या हद्दीत गेल्यावरही संगणकीय नोंदींच्या आधारे आपला हक्क मिळवून देणारी शासकीय सेवा होय. युरोपात ही संज्ञा मुख्यतः दोन देशांमधील सेवांसाठी वापरली जाते. भारतात तिचे सर्वाधिक व्यावहारिक रूप राज्या-राज्यांमधील सेवांमध्ये आढळते. महाराष्ट्राच्या पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी हे तालुके गुजरात राज्याच्या सीमेजवळ आहेत आणि दादरा व नगर हवेली तेथून जवळ आहे. येथील हजारो कुटुंबांचे राहणे एका राज्यात व कमावणे दुसऱ्या राज्यात असते. त्यामुळे शिधा, आरोग्य, पोषण, दाखले आणि मासेमारी या विषयांतील डिजिटल सेवा सीमेवर कितपत टिकतात, याची कसोटी या दोन तालुक्यांत लागते. अशा सेवा आखताना त्या वापरणाऱ्या नागरिकांना सहभागी करून घेण्यात कोणत्या अडचणी येतात, याचे विवेचन या लेखात केले आहे.

संकल्पना

सार्वजनिक सेवेतील नागरिक सहभागाचे अनेक स्तर मानले जातात. अमेरिकन अभ्यासक शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ साली 'नागरिक सहभागाची शिडी' ही आठ पायऱ्यांची मांडणी केली. तिच्या खालच्या पायऱ्यांवर सहभाग केवळ नावापुरता असतो, मधल्या पायऱ्यांवर नागरिकांना माहिती दिली जाते व त्यांचे मत विचारले जाते, तर वरच्या पायऱ्यांवर निर्णयाचा काही भाग प्रत्यक्ष त्यांच्या हाती येतो. भारतातील बहुतेक डिजिटल सेवांमध्ये नागरिकाचा संबंध सेवा सुरू झाल्यानंतर येतो. त्याने नोंदणी करावी, अडचण आल्यास तक्रार करावी, जमल्यास अभिप्राय द्यावा, अशी अपेक्षा असते. अर्जात कोणते रकाने असावेत, ओळख कशी पटवावी, ओळख न पटल्यास पर्याय काय असावा, हे प्रश्न मात्र त्याच्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच सुटलेले असतात.

सीमापार सेवेत हा प्रश्न अधिक बिकट होतो. एकाच राज्यातील सेवेला किमान एक उत्तरदायी कार्यालय असते. सीमापार सेवेची रचना दोन राज्ये, एक केंद्रीय मंत्रालय आणि त्यांच्या संगणक यंत्रणा मिळून करतात. यांपैकी कोणापुढेही 'सीमेवरचा नागरिक' हा स्वतंत्र घटक म्हणून उभा नसतो.

भौगोलिक व ऐतिहासिक पार्श्वभूमी

डहाणू व तलासरीची उत्तरेकडील राज्यसीमा फार जुनी नाही. मुंबई राज्याच्या काळात उंबरगाव हा ठाणे जिल्ह्याचा तालुका होता. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये अस्तित्वात आली, तेव्हा या तालुक्यातील ४७ गावे व ३ शहरे गुजरातमधील तत्कालीन सुरत जिल्ह्यात गेली. उरलेली २७ गावे आधी डहाणू तालुक्यात समाविष्ट झाली व १९६१ मध्ये त्यांचा तलासरी हा स्वतंत्र महाल करण्यात आला. उंबरगाव तालुका आज वलसाड जिल्ह्यात आहे. पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झालेला दादरा व नगर हवेलीचा प्रदेश १९६१ मध्ये भारतात विलीन झाला आणि २६ जानेवारी २०२० पासून तो दमण व दीवसह एकच केंद्रशासित प्रदेश आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा महाराष्ट्राचा ३६वा जिल्हा झाला आणि हे दोन्ही तालुके त्यात आले.

सीमा आखली गेली तरी सोयरीक, बाजारहाट आणि रोजगार पूर्वीप्रमाणेच दोन्ही बाजूंनी चालू राहिले. वारली, कोकणा, धोडी, दुबळा इत्यादी आदिवासी समाज सीमेच्या दोन्ही अंगांना आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार तलासरी तालुक्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ९० टक्के होते. डहाणू तालुक्यात ते दोन-तृतीयांशांहून अधिक होते. दोन्ही तालुके राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रात मोडतात. उंबरगाव, सरीगाम, भिलाड, वापी व सिल्वासा येथील कारखान्यांत रोज जाऊन-येऊन काम करणारे मजूर, वीटभट्टी आणि बांधकामावर हंगामापुरते जाणारी कुटुंबे आणि गुजरातच्या मासेमारी नौकांवर जाणारे खलाशी असे सीमापार रोजगाराचे तीन ठळक प्रकार येथे दिसतात. हद्दीचे प्रश्नही पूर्णपणे मिटलेले नाहीत. तलासरी तालुक्यातील वेवजी व उंबरगाव तालुक्यातील सोळसुंबा या शेजारच्या गावांमधील हद्दीचा वाद वृत्तपत्रांतून चर्चिला गेला आहे.

या भागाला सामूहिक निर्णयाची परंपरा आहे. २३ मे १९४५ रोजी तत्कालीन उंबरगाव तालुक्यातील, आजच्या तलासरीतील, झरी येथे वेठबिगारीविरुद्ध आदिवासींचा मोठा मेळावा झाला. शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालील हा लढा 'वारल्यांचा उठाव' म्हणून ओळखला जातो. १९७८ पासून कष्टकरी संघटनेनेही या परिसरात जमीन, जंगल व मजुरीच्या प्रश्नांवर काम केले आहे. त्यामुळे डिजिटल सेवांच्या रचनेत येथील नागरिकांचा आवाज क्षीण असण्याचे कारण लोकांच्या उदासीनतेत शोधता येत नाही. ते रचनेच्या पद्धतीतच शोधावे लागते.

प्रमुख सीमापार सेवा

शिधावाटप

राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम, २०१३ नुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला दरमहा ५ किलो व अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्याचा हक्क आहे. पूर्वी हे धान्य ठरलेल्या रास्तभाव दुकानातूनच मिळत असे. 'एक देश, एक शिधापत्रिका' योजनेमुळे आधार जोडणी व ई-पॉस यंत्रावरील बोटांच्या ठशांच्या आधारे ते देशातील कोणत्याही रास्तभाव दुकानातून घेता येऊ लागले. या योजनेचा आंतरराज्य प्रयोग ९ ऑगस्ट २०१९ रोजी दोन जोड्यांमध्ये सुरू झाला. त्यांपैकी एक जोडी आंध्र प्रदेश व तेलंगणा यांची आणि दुसरी महाराष्ट्र व गुजरात यांची होती. म्हणजेच महाराष्ट्र–गुजरात ही सीमा देशात सर्वप्रथम शिध्यासाठी खुल्या झालेल्या सीमांपैकी एक ठरली. जून २०२२ मध्ये आसामच्या समावेशानंतर योजना सर्व राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत लागू झाली.

योजनेचा लाभ निर्विवाद आहे. भट्टीवर गेलेल्या कुटुंबाचे धान्य पूर्वी गावातच राहत असे, ते आता कामाच्या ठिकाणी मिळू शकते. कुटुंबातील काही जण गावी व काही बाहेर असल्यास धान्य विभागून उचलण्याचीही सोय आहे. तथापि देशभरात या सवलतीचे बहुसंख्य व्यवहार एकाच राज्यातल्या दोन दुकानांमधील आहेत. राज्य ओलांडून होणारे व्यवहार त्यांच्या तुलनेत फारच थोडे आहेत. सीमेपलीकडे फक्त केंद्राच्या कायद्यातील धान्य मिळते. २०२२ च्या दिवाळीपासून महाराष्ट्राने सणासुदीला दिलेल्या 'आनंदाचा शिधा' संचासारख्या राज्यस्तरीय वस्तू सीमा ओलांडत नाहीत. योजनेचे 'मेरा राशन' हे मोबाइल उपयोजन १२ मार्च २०२१ रोजी सुरू झाले, तेव्हा ते हिंदी व इंग्रजी या दोनच भाषांत होते. मराठी आणि गुजराती यांच्या सीमेवर ज्याचा प्रयोग आधी झाला, त्या योजनेचे हे उपयोजन आरंभी दोहोंपैकी एकाही भाषेत नव्हते.

आरोग्य व पोषण

तलासरी परिसरातील रुग्णांना वापी, सिल्वासा किंवा वलसाड ही ठिकाणे मुंबई-ठाण्यापेक्षा जवळची आहेत. २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत प्रधानमंत्री जनआरोग्य योजनेचा लाभ देशातील कोणत्याही संलग्न रुग्णालयात मिळू शकतो. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेचा आधार मात्र मुख्यतः त्या योजनेच्या यादीतील रुग्णालयांपुरता असतो. आपले कार्ड केंद्राच्या योजनेचे आहे की राज्याच्या, हा भेद रुग्णाच्या नातेवाइकांना बहुधा रुग्णालयाच्या खिडकीवर पोहोचल्यावरच कळतो.

पोषणाच्या क्षेत्रात महाराष्ट्राच्या महिला व बालविकास विभागाने स्थलांतरित गरोदर माता, स्तनदा माता व बालके यांचा माग ठेवण्यासाठी स्थलांतर मागोवा प्रणाली विकसित केली. तिच्या पथदर्शी प्रयोगासाठी निवडलेल्या जिल्ह्यांत पालघरचा समावेश होता. केंद्राच्या 'पोषण ट्रॅकर' उपयोजनातही लाभार्थ्याचे नाव एका अंगणवाडीतून दुसऱ्या अंगणवाडीत हलवण्याची तरतूद आहे. परंतु नाव हलवणे ही सेवेची केवळ पहिली पायरी होय. सीमेपलीकडील अंगणवाडी दुसऱ्या राज्याच्या अखत्यारीत असते. तेथील सेविकेने आपल्या नोंदवहीत बालकाला स्वीकारले आणि भट्टी अंगणवाडीपासून चालत जाण्याच्या अंतरावर असली, तरच त्या नोंदीचे रूपांतर आहारात होते.

दाखले व अभिलेख

अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० या दिनांकाच्या सुमाराचा रहिवास व जमातीची नोंद महत्त्वाची असते. त्या दिवशी उंबरगाव व डहाणू हे एकाच राज्याचे, एकाच जिल्ह्याचे तालुके होते. त्यामुळे आज तलासरीत राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या आजोबांची शाळेतील वा महसुली नोंद सीमेपलीकडच्या गावातील दप्तरात असण्याचा संभव असतो. दोन्ही राज्यांनी जमिनीचे अभिलेख संगणकीय केले आहेत, पण दोन्ही संकेतस्थळे स्वतंत्र आहेत. एकाची नोंद देवनागरीत, तर दुसऱ्याची गुजराती लिपीत आहे. सर्वोच्च न्यायालयाने मर्री चंद्रशेखर राव प्रकरणात १९९० मध्ये असा निर्णय दिला की, एका राज्यात अनुसूचित असलेल्या व्यक्तीला दुसऱ्या राज्यात गेल्यामुळे तेथील अनुसूचित जातिजमातींचे लाभ आपोआप मिळत नाहीत. वारली जमात महाराष्ट्र व गुजरात या दोन्ही राज्यांच्या यादीत असली, तरी सीमा ओलांडलेल्या कुटुंबापुढे दाखल्याचा प्रश्न राहतोच.

मासेमारी नौकांवरील खलाशी

डहाणू व तलासरीतील अनेक तरुण गुजरातमधील ओखा, पोरबंदर, वेरावळ इत्यादी बंदरांतील नौकांवर खलाशी म्हणून जातात. सागरी सीमा ओलांडल्याच्या आरोपावरून पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा यंत्रणेने पकडलेल्या भारतीय खलाशांत पालघर जिल्ह्यातील आदिवासीही असतात. भारत व पाकिस्तान यांच्यात २००८ मध्ये झालेल्या करारानुसार दोन्ही देश दरवर्षी १ जानेवारी व १ जुलै रोजी परस्परांच्या ताब्यातील कैद्यांच्या याद्या देतात. येथे एका माणसाची माहिती चार ठिकाणी विखुरलेली असते. नौकेची नोंद गुजरातच्या मत्स्यव्यवसाय खात्याकडे, रहिवासाची महाराष्ट्राकडे, राष्ट्रीयत्वाच्या पडताळणीचे काम केंद्राकडे आणि अटकेची नोंद परदेशात. पाड्यावरील कुटुंबाला मात्र आपला माणूस यादीत आहे का, त्याचे राष्ट्रीयत्व निश्चित झाले का आणि सुटकेचे प्रकरण कोठवर आले, एवढेच कळायला हवे असते. मराठीतून, एकाच ठिकाणी आणि कोणाच्या मध्यस्थीवाचून ही उत्तरे देणारी सेवा कशी असावी, हे ठरवताना ज्यांचे मत सर्वात मोलाचे, ते याच कुटुंबांतील लोक होत.

नागरिक सहभागातील अडचणी

उत्तरदायित्वाची विभागणी

उंबरगावच्या दुकानात डहाणूच्या शिधापत्रिकेवर धान्य नाकारले गेले, तर दोष कोणाचा, हे नागरिकाला ठरवता येत नाही. यंत्र बंद असेल किंवा दुकानात साठा नसेल, तर तक्रार वलसाड जिल्ह्यात करावी लागते. आधार जोडणी अपुरी असेल, तर ती डहाणूच्या पुरवठा शाखेत दुरुस्त होते. मध्यवर्ती संगणक यंत्रणेचा दोष दोन्ही तालुक्यांच्या आवाक्याबाहेरचा असतो. सेवाहक्काचे कायदेही राज्यनिहाय आहेत. गुजरातचा कायदा २०१३ चा, तर महाराष्ट्राचा लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ चा आहे. दोन्हींत सेवेची मुदत व अपिलाची तरतूद आहे, परंतु दोन राज्यांनी मिळून द्यावयाच्या सेवेचे अपील कोणाकडे करावे, याचा उलगडा त्यांतून होत नाही. सल्लामसलतीचेही असेच आहे. तक्रार ऐकणारा एक नसेल, तर सूचना ऐकणाराही एक नसतो.

स्थलांतराचे वेळापत्रक

महाराष्ट्रात ग्रामसभा प्रामुख्याने २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या सुमारास भरतात. वीटभट्टीवर जाणारी कुटुंबे भातकापणी व दिवाळीनंतर गाव सोडतात आणि मध्ये होळीला येऊन गेली, तरी कायमची परततात ती पावसाच्या तोंडावर. जानेवारीच्या ग्रामसभेत ती नसतात आणि मे महिन्याच्या आरंभीही बहुधा भट्टीवरच असतात. पश्चिम किनाऱ्यावरील मासेमारीबंदीमुळे खलाशी जून-जुलैत घरी असतात, पण त्या काळात ग्रामसभेची ठरावीक तारीख नाही. ऑगस्टमध्ये हंगाम सुरू होऊन ते पुन्हा बंदरांकडे वळतात. सीमापार सेवा ज्यांच्यासाठी असते, तेच लोक मत विचारण्याच्या दिवशी सीमेपलीकडे असतात, हा या विषयातील मूलभूत पेच आहे. सभेत उपस्थित राहणाऱ्यांचे मत गावाचे मत म्हणून नोंदवले जाते. गैरहजर राहणाऱ्यांचे मत मात्र आकडेवारीतही उतरत नाही.

भाषा, लिपी व शासकीय परिभाषा

घरात वारली बोली, शाळेत मराठी, कामावर गुजराती किंवा हिंदी आणि पडद्यावर बहुधा इंग्रजी, अशी येथील नागरिकाची भाषिक स्थिती आहे. वारली ही प्रामुख्याने बोलली जाणारी भाषा असल्याने तीमधील लेखी प्रश्नावलीचा उपयोग मर्यादित राहतो. समोरासमोरचे संभाषण व ध्वनिमुद्रित सूचना अधिक उपयोगी पडतात. कार्यालयीन शब्दही सीमेवर बदलतात. महाराष्ट्रातील तहसीलदार गुजरातेत मामलतदार होतो आणि उत्पन्नाचा दाखला 'आवकनो दाखलो' होतो. नावांच्या लेखनातील भेद त्याहून त्रासदायक ठरतात. तेच नाव देवनागरीतून इंग्रजीत आणि गुजरातीतून इंग्रजीत वेगवेगळ्या प्रकारे उतरले, तर यंत्राच्या दृष्टीने ती दोन माणसे होतात. अशा चुका कोणत्या नावांत व का होतात, हे गावातील शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि सेवा केंद्रचालक यांना ठाऊक असते. अर्जाचा नमुना तयार होण्यापूर्वी त्यांना विचारले गेले, तर पुढील कित्येक दुरुस्त्या वाचू शकतात.

मध्यस्थांचे स्थान

डिजिटल सेवा नागरिक स्वतः वापरतो, हे गृहीतक या तालुक्यांत अर्धेच खरे आहे. अर्ज आपले सरकार सेवा केंद्रात भरला जातो, मोबाइल अनेकदा घरातील एकाच व्यक्तीकडे असतो आणि आधारशी जोडलेला क्रमांक कधी बंद पडलेला, तर कधी मुकादमाचाही असू शकतो. परिणामी संकेतस्थळावरील ऑनलाइन अभिप्राय बहुधा मध्यस्थाचाच अभिप्राय असतो. मध्यस्थाला सोयीची असलेली सेवा नागरिकालाही सोयीची असेलच असे नाही. जेथे सेवेतील अडचण हाच मध्यस्थाच्या मिळकतीचा आधार असतो, तेथे हे दोन हितसंबंध परस्परविरोधी होतात. याउलट मध्यस्थांना वगळून केलेली रचना प्रत्यक्ष व्यवहाराला धरून राहत नाही. त्यामुळे दोघांचे म्हणणे वेगवेगळे ऐकून घेणे आवश्यक ठरते.

माहितीची सुरक्षितता व विश्वास

सीमापार सेवेसाठी एका राज्याने आपल्या नागरिकाची माहिती दुसऱ्याला द्यावी लागते. खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी स्पष्ट केले आणि वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला. तरीही स्थलांतराची नोंद हा नाजूक विषय राहतो. गाव सोडल्याची नोंद झाली, तर गावातील शिधा, घरकुल अथवा मतदारयादीतील नाव धोक्यात येईल, अशी शंका मजुराला वाटू शकते. बयाणा घेऊन भट्टीवर गेलेल्या मजुराची माहिती मालकाच्या हाती पडणेही त्याच्या हिताचे नसते. ही भीती योग्य की अनाठायी, हा पुढचा प्रश्न. ती विचारात न घेता आखलेल्या नोंदणीकडे लोक पाठ फिरवतात, आणि मग त्या अनुपस्थितीलाच 'प्रतिसादाचा अभाव' असे नाव मिळते.

वगळले जाणारे गट

मीठ, माती व विटा हाताळून झिजलेले बोटांचे ठसे, वृद्धांची न जुळणारी ओळख, मुलांचे अद्ययावत न झालेले आधार आणि स्वतःचा मोबाइल नसलेल्या स्त्रिया ही सेवेतून वगळले जाण्याची परिचित कारणे आहेत. हेच गट सल्लामसलतीतूनही वगळले जातात. चाचणीसाठी निवडलेला वापरकर्ता साधारणपणे तरुण, शिकलेला व मोबाइलधारक असतो. त्याच्याकडून सेवा चालते असा निष्कर्ष निघतो. ज्याच्याकडून ती चालली नसती, तो त्या चाचणीत नसतोच.

कायदेशीर व संस्थात्मक चौकट

अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींविषयीचा १९९६ चा केंद्रीय कायदा, म्हणजेच पेसा, ग्रामसभेला विकास योजनांना मान्यता देण्याचा व लाभार्थी निश्चित करण्याचा अधिकार देतो. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ मध्ये केले. विहित प्रक्रियेने पाड्यालाही स्वतंत्र गावाचा व ग्रामसभेचा दर्जा मिळू शकतो. राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियमाच्या कलम २८ मध्ये सामाजिक अंकेक्षणाची, तर कलम २९ मध्ये दक्षता समित्यांची तरतूद आहे. म्हणजेच नागरिकांना विचारण्याची साधने कायद्यात उपलब्ध आहेत. परंतु ती सर्व एका राज्याच्या, किंबहुना एका गावाच्या चौकटीत बसवलेली आहेत. डहाणूची दक्षता समिती उंबरगावच्या दुकानाचे अंकेक्षण करू शकत नाही.

राज्यांमधील प्रश्नांसाठी राज्य पुनर्रचना अधिनियम, १९५६ अन्वये पश्चिम विभागीय परिषद आहे. तीत महाराष्ट्र, गुजरात, गोवा आणि दादरा व नगर हवेली आणि दमण व दीव यांचे प्रतिनिधी असतात. ही परिषद मंत्री व अधिकारी यांची असून सीमेवरील ग्रामपंचायतींना तीत स्थान नाही. सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२१ रोजी सर्व राज्यांना ३१ जुलैपर्यंत एक शिधापत्रिका योजना लागू करण्याचा व असंघटित कामगारांची राष्ट्रीय नोंदणी सुरू करण्याचा आदेश दिला. त्यानंतर २६ ऑगस्ट २०२१ रोजी ई-श्रम संकेतस्थळ सुरू झाले. न्यायालयीन मुदतीमुळे अंमलबजावणीला वेग आला. मात्र इतक्या अल्प मुदतीत वापरकर्त्यांशी सल्लामसलतीला फारसा अवकाश उरला नाही.

या संदर्भात एक विसंगती लक्षणीय आहे. पर्यावरणावर परिणाम करणाऱ्या मोठ्या प्रकल्पांसाठी २००६ च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणी घ्यावी लागते. डहाणू तालुक्यातील वाढवण बंदरासाठीही जानेवारी २०२४ मध्ये अशी सुनावणी झाली. अशा सुनावण्यांच्या परिणामकारकतेविषयी मतभेद असले, तरी आक्षेप नोंदवण्याची जागा कायद्याने ठरवून दिलेली असते. लाखो लोकांच्या शिध्यावर परिणाम करणाऱ्या संगणक प्रणालीसाठी तेवढीही जागा बंधनकारक नाही.

अन्यत्र आलेले अनुभव

युरोपीय संघाच्या सदस्य देशांनी ६ ऑक्टोबर २०१७ रोजी टालिन जाहीरनाम्याद्वारे वापरकर्त्याला केंद्रस्थानी ठेवणाऱ्या डिजिटल सेवांचा पुरस्कार केला. २०१८ च्या विनियमाने सीमापार कार्यपद्धतींसाठी एकच डिजिटल प्रवेशद्वार निर्माण झाले. जानेवारी २०१९ पासून फिनलंडमधील डिजिटल औषधचिठ्ठी एस्टोनियातील औषधालयांत चालू लागली. २०२४ च्या परस्परसुसंगततेच्या कायद्यात तर सीमापार सेवेविषयी बंधनकारक अटी ठरवण्यापूर्वी तिचा परिणाम तपासण्याची आणि त्या सेवेचा थेट लाभ घेणाऱ्यांशी वा त्यांच्या प्रतिनिधींशी विचारविनिमय करण्याची तरतूद आहे. मात्र या देशांत साक्षरता व इंटरनेटचा प्रसार मोठा आहे. तेथील लेखी सल्लामसलतीची पद्धत तलासरीत जशीच्या तशी लागू करणे व्यवहार्य नाही.

भारतातील अधिक जवळचे उदाहरण राजस्थानचे आहे. तेथे २०१९ मध्ये सुरू झालेले जन सूचना पोर्टल शासन व मजदूर किसान शक्ती संघटनेसारख्या जनसंघटना यांच्यातील 'डिजिटल संवाद' बैठकांतून आकाराला आले. कोणती माहिती, कोणत्या क्रमाने व गावपातळीपर्यंत कशी उघड करावी, याची चर्चा त्या बैठकांत होत असे. हा प्रयोग एका राज्यापुरता होता, तरी संगणक अभियंता व शिधापत्रिकाधारक यांना एका टेबलापाशी आणता येते, हे त्यातून दिसून आले.

महाराष्ट्र–कर्नाटक सीमेवरील अनुभव वेगळा आहे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये कर्नाटकातील ८६५ सीमावर्ती गावांतील रहिवाशांना महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा कर्नाटकाने त्यास आक्षेप घेतला. जेथे सीमेविषयीच वाद आहे, तेथे आरोग्यसेवाही राजकीय दाव्याचा भाग बनते आणि रुग्णाची सोय हा विषय मागे पडतो. महाराष्ट्र–गुजरात सीमेवर असा व्यापक वाद नसल्याने येथे केवळ सेवेच्या सोयीचा विचार करणे तुलनेने सुलभ आहे.

संभाव्य उपाय व त्यांच्या मर्यादा

अशा सेवांच्या रचनेत नागरिकांना स्थान देण्यासाठी काही मार्ग संभवतात. त्यांपैकी पहिला म्हणजे स्थलांतराच्या वेळापत्रकाशी जुळणारी सल्लामसलत. जून-जुलैमध्ये खलाशांसाठी, पावसाळ्यात भट्टी मजुरांसाठी पाडानिहाय सभा घेता येऊ शकते. ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाला तालुक्याच्या गावी मोठ्या संख्येने लोक जमतात, त्याचाही उपयोग होऊ शकतो. मात्र शेतीच्या हंगामात दिवसाची मजुरी बुडवून सभेला येणे परवडत नाही. सहभागाचा खर्च सहभागी होणाऱ्यावरच पडला, तर सभा पुन्हा मोजक्यांचीच राहते.

दुसरा मार्ग म्हणजे सीमेच्या दोन्ही बाजूंच्या लगतच्या तालुक्यांची संयुक्त समिती. तीत पुरवठा, आरोग्य, बालविकास व मत्स्यव्यवसाय या खात्यांचे स्थानिक अधिकारी आणि ग्रामसभांनी निवडलेले स्थलांतरित प्रतिनिधी असू शकतात. अशा समितीला प्रणालीत बदल सुचवण्याचा अधिकार असला, तरी तो बदल प्रत्यक्षात करणारी यंत्रणा मुंबई, गांधीनगर व दिल्ली येथे असते. सूचनेला ठरावीक मुदतीत लेखी उत्तर देण्याचे बंधन नसल्यास समिती औपचारिक ठरण्याची शक्यता आहे.

तिसरा मार्ग चाचणीच्या पद्धतीशी संबंधित आहे. नवे उपयोजन कार्यालयात न तपासता भट्टीवर, बंदरावर व सीमेवरील रास्तभाव दुकानात, ठसे न उमटणाऱ्या व वाचता न येणाऱ्या व्यक्तींसह तपासता येते. प्रत्येक नकाराचे कारण नागरिकाला कळेल अशा भाषेत छापील पावतीवर देणे, हा याच मार्गातील साधा पण महत्त्वाचा भाग होय. कारण हातात असेल, तर तक्रार कोणत्या राज्यात करायची हे ठरवता येते, आणि अशा पावत्या एकत्र पाहिल्या की रचनेतील दोष उघड होतो.

सहभागामुळे सेवा सुरू होण्यास विलंब लागतो, हा आक्षेपही विचारात घेण्याजोगा आहे. २०२० च्या टाळेबंदीत पायी घरी निघालेल्या मजुरांना धान्याची गरज तत्काळ होती. तेव्हा दीर्घ सल्लामसलत शक्य नव्हती. परंतु तातडीने सुरू केलेली सेवा नंतरही तशीच चालू राहते व तिचा फेरविचार होत नाही, असे अनेकदा घडते. आरंभी वेग आणि ठरावीक काळानंतर वापरकर्त्यांसह फेरआढावा, असा मध्यममार्ग त्यावर सुचवता येतो.

मूल्यमापनाचे निकष

सीमापार सेवेचे यश सामान्यतः नोंदण्या व व्यवहार यांच्या संख्येने मोजले जाते. ई-श्रमवर २०२४ पर्यंत ३० कोटींहून अधिक कामगारांची नोंद झाली. ही संख्या प्रसाराची निदर्शक आहे, उपयोगाची नव्हे. डहाणू-तलासरीसारख्या भागासाठी अधिक उपयुक्त ठरणारे निकष वेगळे आहेत: सीमेपलीकडच्या दुकानातून किती जणांना धान्याविना परतावे लागले व का, भट्टीवर गेलेल्या किती बालकांना तेथील अंगणवाडीत प्रत्यक्ष आहार मिळाला, पकडलेल्या खलाशाच्या कुटुंबाला पहिली अधिकृत माहिती किती दिवसांनी मिळाली, आणि नागरिकांनी सुचवलेल्या बदलांपैकी किती स्वीकारले गेले. यांपैकी पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे शासकीय नोंदींतून काढता येण्याजोगी आहेत. चौथ्याचे उत्तर देण्यासाठी आधी नागरिकांना विचारले गेल्याची नोंद असावी लागते.